अमेरिकेतल्या आमच्या मंडळींची अभ्यासिका: दोन पावसाळ्यांचा अनुभव

खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमचं गाव. जून लागला की लाईट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. बेळगाव-खानापूर भागातून अमेरिकेत स्थायिक झालेल्यांच्या मंडळानं इथं इन्व्हर्टरसकट अभ्यासिका करून दिली. मराठी शाळेतून निवृत्त झाल्यापासून तिची किल्ली माझ्याकडं असते, म्हणून हे लिहितेय.

आधी चुकलं ते सांगते. पुण्याहून पुस्तकांचे सात खोके आले. उघडले तर कादंबऱ्या, शिवचरित्रं आणि दहावीची गाइडं, तीही महाराष्ट्र बोर्डाची! आमची मुलं मराठी माध्यमात शिकतात, पण परीक्षा कर्नाटकाची देतात, एसएसएलसी, म्हणजे इथली दहावी. त्यांची मराठी पाठ्यपुस्तकंसुद्धा कर्नाटकातच छापतात. शिवाय मुलं खरी अडतात ती कन्नडला. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, कन्नडचं व्याकरण मराठीतून सांगणारं पुस्तक नाही काय?"

हे तिकडं कळवताना मला धाकधूक होती. सीमाभाग सोडून गेलेल्यांच्या मनात मराठीबद्दल काय असतं ते मला ठाऊक आहे, माझ्याही मनात तेच आहे. शनिवारी रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, फोन झाला. मूळचे बेळगावातल्या शहापूरचे एक काका एवढंच म्हणाले, "बाई, यादी कधी पाठवताय?" महिन्याभरात कन्नडची पुस्तकं आली. त्या दिवसापासून ही माणसं मला आपली वाटतात.

पैशाला मात्र आठ महिने लागले. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची देणगी एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात येते आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाची तशी नोंदणी नाही. असा पैसा आधी दिल्लीत स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात उतरावा लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर नोंदणी असलेल्या संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडं वळवताही येत नाही. त्यामुळं बेळगावच्या एका नोंदणीकृत संस्थेनं खोलीचं काम स्वतःच केलं. बिलं तिच्या नावावर, कपाटंही तिचीच. गावात कुजबुज झाली, "पैसे आपल्या माणसांचे आणि पाटी दुसऱ्याची?" अमेरिकेतल्या मंडळानं हे आधीच गावाला बसवून समजावायला हवं होतं. आमच्याच गावच्या, दुबईत कामाला असलेल्या दोघांचे पंखे पंधरा दिवसांत लागले, कारण भारतीय नागरिकानं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा या कायद्यात धरत नाहीत. मदत मागणाऱ्या गावांनी एवढं आधी समजून घ्यावं.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे बॅटरी. वस्तू देऊन, फोटो काढून जाणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले. या मंडळानं बॅटरीचं पाणी, दुरुस्ती आणि बदली यांचा खर्च पहिल्याच दिवशी वेगळा धरला. यंदा जुलैत सलग तीन दिवस लाईट नव्हती, तरी रोज वीसेक मुलं बसली.

पाचपैकी चार गुण. एक राखून ठेवलाय तो वाडीच्या पाच मुलींसाठी. अभ्यासिका नऊपर्यंत उघडी असते, पण त्या सातलाच उठतात. वाटेत जंगल आहे आणि अस्वलाची भीती. त्यांच्या रिक्षाचं भाडं द्या असं मी ऑगस्टमध्ये कळवलंय. उत्तर येईपर्यंत टॉर्च घेऊन ओढ्यापर्यंत मीच त्यांना सोडायला जाते.