पाच दिवसांची क्रोमॅटोग्राफी कार्यशाळा : लिक्विडला पैकीच्या पैकी, गॅसला निम्मे गुण

मी तारापूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षे काम करते. दुसऱ्याने तयार केलेली मेथड (नमुना तपासण्याची ठरवून दिलेली पद्धत) रोज चालवणे आणि कोऱ्या कागदापासून नवी मेथड उभी करणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत, हे गेल्या वर्षी विकास विभागात बदली झाल्यावर पुरते लक्षात आले. एचपीएलसी (द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करणारी लिक्विड क्रोमॅटोग्राफी) आणि जीसी (तेच काम वायूच्या प्रवाहात करणारी गॅस क्रोमॅटोग्राफी) या दोन्हींचे मेथड डेव्हलपमेंट शिकवणाऱ्या या केंद्राच्या पाच दिवसांच्या कार्यशाळेला मी रजा टाकून, स्वतःचे १८,००० रुपये भरून गेले होते, म्हणून हा अभिप्राय थोडा सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कोणीही यंत्राला हात लावला नाही, आणि ते योग्यच होते. लिक्विड क्रोमॅटोग्राफी शिकवणाऱ्या मॅडमनी फळ्यावर रेझोल्यूशनचे, म्हणजे दोन घटक एकमेकांपासून किती सुटे होतात याचे, समीकरण मांडले आणि आमच्याकडूनच आकडे घालून घेतले. दोन पीक (आलेखावरचे घटकांचे उंचवटे) चिकटले की लांब कॉलम (ज्या नळीत घटक वेगळे होतात ती) लावायचा, ही आमच्यापैकी बहुतेकांची सवय. पण कॉलमची लांबी दुप्पट केली तर रेझोल्यूशन जेमतेम १.४ पट होते आणि वेळ व दाब मात्र दोन्ही दुपटीने वाढतात. उलट सिलेक्टिव्हिटी (कॉलम दोन घटकांना किती वेगवेगळे धरून ठेवतो याचे गुणोत्तर) १.०५ वरून १.१० वर नेली, तर तेवढ्यानेच रेझोल्यूशन जवळजवळ दुप्पट होते. हे समीकरण मी एम. एस्सी.ला पाठ केले होते, परंतु त्यात आकडे घालून कोणता बदल आधी करायचा हे ठरवता येते, असे तोवर कोणी दाखवले नव्हते.

कार्यशाळेचा सर्वांत मोलाचा भाग दुसऱ्या दिवशीचा. सरबतांत वापरली जाणारी बेंझोइक आम्ल आणि सॉर्बिक आम्ल ही दोन परिरक्षके सी-१८ कॉलमवर वेगळी करायची होती. मोबाइल फेजचा (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाचा) पीएच २.५ ठेवला तेव्हा दोन्ही पीक एकमेकांवर चढले. बेंझोइकचा पीकेए (ज्या पीएचला आम्ल निम्मे आयनीभूत होते तो आकडा) ४.२ आणि सॉर्बिकचा ४.८ च्या आसपास असल्यामुळे पीएच ४.४ केला की बेंझोइक अधिक आयनीभूत होते, कॉलमला कमी चिकटते आणि आधी बाहेर पडते, हे आमच्या तुकडीने बरोबर ताडले. पीक छान सुटले आणि आम्ही खूश होऊन घरी गेलो. तिसऱ्या दिवशी सकाळी नवा बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) करून इंजेक्शन दिले, तर ६.९ मिनिटांना येणारे बेंझोइक ७.६ मिनिटांवर सरकलेले. कॉलम, प्रवाह, तापमान सारे तेच होते. मॅडमनी उत्तर सांगितले नाही, बफरची बाटली उचलून आमच्यासमोर ठेवली आणि एवढेच विचारले, "हा बफर आहे, असे तुम्हाला कशावरून वाटते?"

आम्ही पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट विरघळवले होते. त्याच्या द्रावणाचा पीएच आपोआपच साडेचारच्या जवळ येतो, म्हणून थेंबभर आम्ल घालून ४.४ जुळवणे फार सोपे जाते. पण फॉस्फेट बफर म्हणून काम करतो तो २.१ आणि ७.२ यांच्या आजूबाजूला, ४.४ ला त्याची धारणशक्ती नसल्यातच जमा असते. पीएच मीटरच्या कॅलिब्रेशनमध्ये ०.१ चा फरक पडला तरी, पीकेएच्या इतक्या जवळ, बेंझोइकचा रिटेन्शन (कॉलममध्ये अडकून राहणे) दहा टक्क्यांहून अधिक हलतो. मग आम्ही सोडियम ॲसिटेट आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल दोन्ही तराजूवर तोलून बफर केला. पीएच मीटर जुळवण्यासाठी नव्हे तर केवळ खात्रीसाठी, तोही मिथेनॉल मिसळण्यापूर्वी वापरला. दोन वेगवेगळ्या जणांनी केलेल्या दोन बाटल्यांचे क्रोमॅटोग्राम (यंत्राने काढलेले आलेख) एकावर एक ठेवले, तेव्हा रेषा जुळल्या. आमच्या कारखान्यात वर्षानुवर्षे "कॉलम बिघडला" म्हणून टाकून दिलेल्या कॉलमपैकी किती खरोखर बिघडले होते, हा विचार त्या क्षणापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

त्यानंतर सेंद्रिय द्रावकाचे प्रमाण ५ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत वाढवत नेणारा वीस मिनिटांचा चाचणी ग्रेडियंट कसा वाचायचा हे शिकवले. सारे पीक ग्रेडियंटच्या वेळेच्या पाव हिश्शात मावत असतील तर आयसोक्रॅटिकचा (द्रावकाचे प्रमाण शेवटपर्यंत एकच ठेवण्याचा) विचार करावा, नाहीतर ग्रेडियंटच धरून चालावे, हा ठोकताळा मी आता रोज वापरते. द्रावक म्हणून ॲसिटोनायट्राइल की मिथेनॉल, यावरचे विवेचनही उत्तम होते. मिथेनॉल-पाणी मिश्रणाची श्यानता जास्त असल्याने दाब वाढतो आणि २०५ नॅनोमीटरखाली मिथेनॉल स्वतःच प्रकाश शोषतो. पण २००८-०९ च्या टंचाईची आठवण मॅडमनी आवर्जून करून दिली. ॲसिटोनायट्राइल हे ॲक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनातून मिळणारे उपउत्पादन असल्यामुळे प्लास्टिक आणि कृत्रिम धाग्यांची मागणी घटताच प्रयोगशाळांची ॲसिटोनायट्राइलसाठी धावपळ झाली होती. मेथड लिहिताना पर्यायी द्रावकावर एक तरी प्रयोग करून ठेवावा, हा त्यांचा आग्रह मला पूर्ण पटला.

गॅस क्रोमॅटोग्राफीच्या वाट्याला मात्र दीडच दिवस आला, आणि तिथे निराशा झाली. लायनरचे (इंजेक्शन दिलेल्या द्रवाची वाफ होते त्या काचेच्या नळीचे) प्रात्यक्षिक तेवढे लक्षात राहील असे होते. एक मायक्रोलिटर पाण्याची २५० अंशांना एक हजार मायक्रोलिटरहून अधिक वाफ होते, पण नेहमीच्या लायनरमध्ये एक मिलिलिटरही मावत नाही; उरलेली वाफ सेप्टमकडे (सुई टोचायच्या रबरी झाकणाकडे) आणि वायूच्या नळीत घुसते आणि पुढच्या इंजेक्शनमध्ये भुताटकीसारखा पीक उगवतो. तेवढ्याच हेक्झेनची वाफ याच्या सुमारे सातव्या हिश्शाइतकीच होते. आम्ही हे दोन्ही क्रोमॅटोग्राम शेजारी ठेवून पाहिले. परंतु औषधांतील उर्वरित द्रावकांचे विश्लेषण, जे आमच्यापैकी निम्म्या लोकांचे रोजचे काम आहे, ते केवळ पडद्यावर उरकले, कारण हेडस्पेस सॅम्पलर (बंद बाटलीतील नमुन्यावरची वाफ यंत्रात सोडणारे उपकरण) दोन्ही दिवस नादुरुस्त होता. बेंझीनची मर्यादा २ पीपीएम आणि मिथेनॉलची ३,००० पीपीएम, म्हणजे एकाच मेथडने इतक्या दूरच्या दोन टोकांना न्याय द्यायचा असतो. व्हायलचे (नमुन्याच्या बाटलीचे) तापमान, समतोलाचा वेळ, पाण्यात न विरघळणाऱ्या औषधासाठी डीएमएसओ हा द्रावक घेतल्यावर संवेदनशीलतेवर होणारा परिणाम या गोष्टी हाताने केल्याशिवाय अंगवळणी पडत नाहीत. त्यातच त्या विषयाचे प्रशिक्षक स्लाइड वाचून दाखवत होते, आणि प्रश्न विचारला की "पुढे येईल" म्हणत. ते पुढे आले नाही.

व्हॅलिडेशनवर (मेथड विश्वासार्ह असल्याचे सिद्ध करण्यावर) आयसीएच या औषधविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांपैकी क्यू २ ची सुधारित आवृत्ती आणि २०२३ मध्ये आलेले क्यू १४ यांची ओळख तासाभरात करून दिली, ती पुरेशी आहे. दोन एचपीएलसी यंत्रांवर चौदा जण ही गर्दी मात्र फार होते. टिपणांची वही व्यवस्थित आहे, चहा-जेवण वेळेवर मिळते.

ज्यांनी निदान दोन-तीन वर्षे यंत्रावर काम केले आहे आणि ज्यांचे मुख्य काम एचपीएलसीचे आहे, त्यांनी ही कार्यशाळा अवश्य करावी. नुकतेच पदवीधर झालेल्यांना पहिल्या दिवशीचा वेग झेपणार नाही. केवळ जीसीसाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी सॅम्पलर दुरुस्त झाला आहे का, हे फोन करून विचारावे आणि मगच पैसे भरावेत. केंद्राला माझी विनंती आहे की पुढच्या तुकडीपासून गॅस क्रोमॅटोग्राफीला पूर्ण दोन दिवस द्यावेत आणि ते शिकवण्याचे काम प्रत्यक्ष यंत्रावर बसणाऱ्या व्यक्तीकडे सोपवावे. तसे झाले तर आमच्या विभागातील दोन मुलींना मी स्वतः पाठवीन.