बर्फाच्या घाटात गाडी नेताना: चेन, विंटर टायर की फोर बाय फोर?

नाताळच्या सुट्टीचे बेत ठरायला लागले की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ओळखीच्या घरांत एक प्रश्न हटकून निघतो: मनालीला स्वतःची गाडी न्यायची, तर टायरचं काय करायचं? ग्वाल्हेरहून रस्ता सोपा आहे. ४४ क्रमांकाचा महामार्ग आग्रा, दिल्ली, पानिपत करत थेट अंबाल्यापर्यंत नेतो. (पानिपतला काला आंबला, मराठ्यांच्या लढाईच्या स्मारकापाशी, आम्ही दर वेळी थांबतो. इथल्या मराठी माणसाला तिथून तसंच पुढं जाववत नाही.) खरा प्रश्न मनालीच्या वर सुरू होतो, सोलंगपासून अटल बोगद्याकडे चढताना आणि तिथून उतरताना.

या वर्षी विचारणारा माझा भाचा आहे. त्याच्याकडे पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी आहे. टायरच्या दुकानात त्याला जाड गोट्यांचे ऑल-टेरेन टायर सुचवले, मित्र म्हणतो फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणारी गाडी, भाड्यानं घे, आणि घरी बसून त्यानं चाकांवर चढवायच्या चेन बघून ठेवल्या आहेत. "मामा, यातलं नेमकं काय घेऊ?" त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

सगळे जण गाडी चढेल का, एवढंच बघतात. मी म्हणतो, उतरताना थांबेल का ते आधी बघा. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मेव्हण्यांच्या फोर बाय फोरमधून बोगद्यापलीकडच्या सिस्सूहून परत येत होतो. जाताना गाडीनं कुठं कुरकूर केली नव्हती. बोगदा ओलांडून सोलंगकडे उतरताना, डोंगराच्या सावलीतल्या एका वळणावर मेव्हण्यांनी ब्रेक दाबला. पायाखाली एबीएसची, म्हणजे चाक अडकू न देणाऱ्या ब्रेकची, खडखड सुरू झाली आणि गाडी तशीच सरकत राहिली. वेग ताशी १५ च्या वर नसेल. शेवटी डोंगराकडच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. दुसऱ्या बाजूला दरी होती. मागच्या सीटवर माझी मुलगी झोपलेली होती. त्या दिवसापासून मी हा विषय मनावर घेतला.

हिशेब अवघड नाही. १०० मीटरला १० मीटर चढणारा रस्ता आणि १००० किलोची गाडी धरा. उतार तिला साधारण १०० किलोच्या जोरानं खाली ओढतो. कोरड्या डांबरावर टायरची पकड वजनाच्या ७० टक्क्यांच्या आसपास असते, दाबून बसलेल्या बर्फावर साधारण २० टक्के आणि निव्वळ गोठलेल्या थरावर १० टक्के किंवा त्याहूनही कमी. छोट्या गाडीच्या पुढच्या चाकांवर ६०० किलो भार असेल, तर दाबलेल्या बर्फावर ती १२० किलोचा जोर लावू शकते, म्हणजे जेमतेम चढते. गोठलेल्या थरावर ६० किलोच, म्हणजे चाक जागच्या जागी फिरणार आणि क्लच जळल्याचा वास येणार. फोर बाय फोरमध्ये चारही चाकं ओढतात, म्हणून तिथंही १०० किलोपर्यंत पोचते. चढाला हा फायदा खराच आहे.

उताराला मात्र तो उरत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. गोठलेल्या थरावर दोन्ही गाड्यांना मिळणारी पकड १०० किलो, आणि उतार ओढतोय तोही १०० किलोनं. महागडी असो की साधी, गाडी थांबत नाही. दाबलेल्या बर्फावर थांबते, पण ताशी ३० च्या वेगाला सुमारे ३५ मीटर घेऊन. सपाट कोरड्या रस्त्यावर तेवढ्याच वेगाला ५ मीटर पुरतात. म्हणजे फोर बाय फोर तुम्हाला वर नेऊन सोडते, खाली आणायचं काम टायरचं.

आता टायर. आपण इथं वापरतो त्यांचं रबर आपल्या उन्हाळ्यासाठी बनलेलं असतं. तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की ते कडक होत जातं आणि रस्त्याला धरत नाही. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्याच्या गोट्यांवर बारीक बारीक काप असतात. त्या कापांत बर्फ भरतो आणि बर्फ बर्फाला धरतो. घाटात ज्यांना रोज ये-जा करायची त्यांच्यासाठी याहून चांगलं काही नाही. पण चारही घ्यावे लागतात. दोनच घातले तर गाडीचं एक टोक धरतं आणि दुसरं फिरतं. शिवाय ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तिथं ते भराभर झिजतील. आठवड्याच्या सहलीसाठी मी कुणालाही घ्यायला लावणार नाही.

ऑल-टेरेन टायर चिखलात आणि भुसभुशीत ताज्या बर्फात छान चालतात. गोठलेल्या थरावर त्यांच्या मोठ्या गोट्यांचा उपयोग होत नाही, कारण तिथं रुतायला काही नसतंच. टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाची खूण असेल, तर बर्फावर त्याची चाचणी झालेली आहे असं समजा. नुसतं एम आणि एस (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. भाच्याला दाखवलेल्या टायरवर ती खूण नव्हती. मी नको म्हटलं.

चाकावर चढवायचे कापडी मोजे हलके असतात, पाच मिनिटांत बसतात आणि ताज्या बर्फावर बरं काम करतात. पण मध्येच उघडं डांबर लागलं की फाटतात, आणि या रस्त्यावर ते लागतंच.

माझा कौल लोखंडी चेनला. टायरनं न धरलेला गोठलेला थर ती कड्यांनी फोडते, त्यामुळे उतारालाही कामी येते. ती इंजिन ज्या चाकांना ओढतं त्यांनाच लावायची, म्हणजे भाच्याच्या गाडीला पुढं. तिथं सुकाणूही सांभाळलं जातं, पण मागची चाकं मोकळीच राहतात, म्हणून उतरताना पहिला गियर आणि माणसाच्या चालीचा वेग. एरवीही ताशी ४० च्या वर जायचं नाही, आणि डांबर दिसलं की काढायची. माप टायरच्या कडेवर असतं, १८५/६५ आर १५ असं काहीतरी, तेच बघून घ्या. छोट्या गाड्यांत चाक आणि शॉकअपमध्ये फट कमी असते, म्हणून आधी गाडीचं पुस्तक वाचा. काही गाड्यांना चेन चालतच नाही.

आणि लावायची तालीम घरी करा. मी अंगणात केली होती, तरी सोलंगच्या वर बोटं बधिर झाल्यावर आतला हूक तीन वेळा सुटला. चेन चाकामागून फिरवायची, आधी आतला हूक, मग बाहेरचा, मग ताणायची साखळी. ५०-१०० मीटर जाऊन उतरायचं आणि पुन्हा ताणायचं. हे शेवटचं बहुतेक लोक टाळतात, आणि मग सैल कड्या चाकाच्या कमानीवर आपटत राहतात.

हवा कमी केली की पकड वाढते, हे वाळूपुरतं खरं आहे, बर्फावर करू नका. उलट थंडीनं हवा आपोआप उतरते, दर १० अंशांना साधारण दीड ते दोन पीएसआय. उंचीमुळे काट्यावर थोडी भरपाई दिसते, तरी मनालीत सकाळी गाडी हलवण्याआधी मोजून घ्या.

शेवटी भाच्याला सांगितलं: चेनची एक जोडी घे, टायरची नक्षी अर्धी झिजली असेल तर जाण्याआधी बदल, आणि ताजा बर्फ पडलेल्या दिवशी गाडी मनालीतच ठेव. त्या दिवशी पोलीस बहुतेक वेळा वर फोर बाय फोरच सोडतात. चेन लावलेली स्थानिक फोर बाय फोर टॅक्सी कर. चालकाला ती वळणं रोजची असतात, आणि तो उतरताना ब्रेकला क्वचितच पाय लावतो, हे शेजारी बसून नीट बघ. आकाश मोकळं असेल तर स्वतःची गाडी ने, पण सिस्सूहून दुपारी दोनच्या आत निघ. उन्हानं वितळलेलं पाणी रस्त्यावर आलेलं असतं, आणि सोलंगकडची वळणं सावलीत गेली की ते काचेसारखं गोठतं. वरून दिसतो तो नुसता ओला रस्ता.