आठ महिने वापरल्यावर: बड्सचा आवाज बसला, तो का?

दिवाळीत घेतलेले बावीसशेचे वायरलेस बड्स. कंपनीचं नाव घेत नाही, कारण निम्मी चूक माझीच निघाली.

पहिले पाच महिने नाद खुळा. शिरोली एमआयडीसीतलं ऑफिस, जाता-येता कानात गाणी. एप्रिलच्या शेवटी उजव्या कानात आवाज बारीक झाला, बेस तर गायबच. रीसेट केलं, फोनमधून काढून परत जोडलं, फरक शून्य. सर्व्हिस सेंटरवाल्यानं हातात न घेताच सांगितलं, "नवीनच घ्या."

घरी पुतणीनं मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाली, "काका, ही जाळी गुलाबी कशी काय?"

तेव्हा ट्यूब पेटली. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर गेलो होतो, बड्स डबीत न ठेवता शर्टाच्या खिशात सुटेच. गुलाल आणि कानातला मळ यांचा जाळीवर थर बसला होता, पापुद्र्यासारखा. रबरी टिप काढली, जाळी खाली तोंड करून धरली, म्हणजे सुटलेला कचरा आत जात नाही, आणि कोरड्या मऊ ब्रशनं हळूहळू झाडलं. कापसाच्या काडीवर गुलाबी मेण आलं. सुई किंवा टाचणी अजिबात घालू नका, जाळी फाटली की खेळ खलास. टिपा तेवढ्या साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि रात्रभर वाळवल्या.

तपासायला फोनच्या ॲक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' चालू करा. दोन्ही कानांना एकच आवाज मिळतो, मग खरंच कुठली बाजू दबली आहे ते कळतं. नाहीतर काही गाण्यांत एखादं वाद्य मुळात एकाच बाजूला असतं, आणि आपण बड्सला शिव्या घालतो.

जाळी साफ झाली तरी बेस अर्धवटच. मधल्या मापाची टिप माझ्या उजव्या कानात ढिली बसत होती. फट राहिली की बेस पहिला पळतो. डबीतली मोठी टिप लावली आणि ढोलाचा ठोका परत आला. डाव्याला मधलीच आहे. दोन कान एका मापाचे असतीलच असं नाही, हे वयाच्या चाळिशीत कळलं.

लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा यायचा, तो मात्र बड्सचा दोष नव्हे. बड्सचा माइक चालू झाला की ब्लूटूथ स्टिरिओ सोडून हँड्सफ्रीवर जातं, आणि तिथं आवाजाचा दर्जा घसरतो. सेटिंगमध्ये माइक लॅपटॉपचाच निवडला, काम झालं.

रंकाळ्यावर फिरताना आवाज तुटायचा, घरात नाही. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि अंगातलं पाणी त्या लहरी शोषतं. घरात भिंतींवरून आपटून लहरी कानापर्यंत पोचतात, मोकळ्यावर तेवढा आधार नाही. फोन पँटच्या मागच्या खिशातून शर्टाच्या खिशात आणल्यापासून तुटणं जवळपास थांबलं.

बॅटरी मात्र उतरली. डावा पाच तास चालतो, उजवा साडेतीन. फोनवर बोलायला एकटा उजवाच घालायची माझी सवय, त्यामुळं असेल. त्याला ब्रश मारून काही होत नाही.