पेशवे दफ्तर : कागद भरपूर, वाट अवघड

पुण्याच्या पुराभिलेखागारातले पेशवे दफ्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, मराठेशाहीच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. मात्र तेथे जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की हे कागद इतिहासकारांसाठी म्हणून कोणी जपलेले नाहीत. 1818 नंतर कंपनी सरकारच्या हाती आलेले दफ्तर टिकले, कारण इनामांचे आणि वतनांचे दावे पडताळायला त्याची गरज होती, आणि 1852 च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने ही पडताळणी जोरात चालवली. या कचेरीला पुढे कितीतरी वर्षे ‘एलिएनेशन ऑफिस’ (म्हणजे इनाम दिलेल्या जमिनींची कचेरी) हेच नाव होते, यातच काय ते आले.

त्यामुळे दफ्तराची मांडणी अजूनही कारकुनी वळणाची आहे. रोजकीर्दी (रोजचा जमाखर्च), घडणी (त्यावरून बाबवार काढलेली खाती), प्रांत अजमास (प्रांतांच्या महसुलाचे अंदाज), पागा (घोडदळ), शाहू दफ्तर (छत्रपती शाहूंचे कागद) असे विभाग मिळतात; दुष्काळ किंवा बाजारभाव असा विषय घेऊन येणाऱ्याला मात्र आपला कागद जमाखर्चात निघेल की पत्रव्यवहारात, याचा अंदाज स्वतःच बांधावा लागतो. अनेक ठिकाणी यादीतली नोंद रुमालापाशीच, म्हणजे कागद बांधलेल्या कापडी गाठोड्यापाशीच, थांबते, आणि रुमालाची गाठ सोडून कागद उलटल्याशिवाय आत काय आहे ते कळत नाही. (यातही एक गोडी आहे, प्रबंधाची मुदत डोक्यावर असलेल्यांना ती परवडत नाही, एवढेच.)

मोडी लिपी यायला हवी, पण तेवढ्याने भागत नाही. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ असे साल दिसले, की एक, सत्तर, शंभर व हजार मिळून शुहूर सन (अरबी शब्दांत लिहिली जाणारी मराठेशाहीतली कालगणना) 1171, म्हणजे इसवी 1770-71, हा हिशेब करावा लागतो. त्यातही हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, सुरू होते, हे विसरले तर पावसाळ्यातली घटना सहज वर्षभर इकडेतिकडे होते. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांत अक्षरओळख उत्तम होते. शिकस्त, घाईघाईने लिहिलेला हात वाचण्याची नजर मात्र रुमालांसमोर बसूनच येते.

नवख्याने सुरुवात गोविंद सखाराम सरदेसाई यांनी 1930 ते 1934 या काळात संपादित केलेल्या 45 खंडांपासून करावी. हे खंड आता आंतरजालावरही स्कॅन स्वरूपात वाचायला मिळतात. त्यांचा भर राजकारण व मोहिमांवर आहे, सामाजिक आणि आर्थिक व्यवहारांना त्या मानाने जागा कमी, म्हणून गावगाड्याचा अभ्यास करणाऱ्याला मूळ रुमालांशिवाय गत्यंतर नाही.

संग्रहाला पूर्ण गुण, शोधण्याच्या सोयीला जेमतेम निम्मे. अभ्यासकांनी वाचलेल्या कागदांची तारीख, गाव आणि विषय एवढी टिपणे जरी रुमालवार एकत्र ठेवली, तरी पुढच्या वाचकाला तोच रुमाल पुन्हा पहिल्या कागदापासून चाळावा लागणार नाही.