द क्वाएट इयर : पत्त्यांचा कॅट, एक कोरा कागद आणि एव्हरी आल्डरचं डोकं

एव्हरी आल्डर या डिझायनरचे टेबलटॉप गेम्स, म्हणजे टेबलाभोवती बसून मिळून गोष्ट रचायचे गेम्स, आमच्या ग्रुपमध्ये बरेच खेळून झालेत आणि कुणी विचारलं की सुरुवात कुठून करायची तर माझं उत्तर ठरलेलं आहे, द क्वाएट इयर घ्या. 2013 चा गेम आहे, पीडीएफ मिळते, दोन ते चार जण लागतात आणि तीन-चार तासांत एक बैठक पूर्ण होते. ज्यांनी फक्त डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचा प्रसिद्ध गेम) खेळलंय त्यांना पहिली पंधरा मिनिटं चुकल्याचुकल्यासारखं होईल, कारण इथे गोष्ट चालवणारा गेम मास्टर नाही आणि तुमचं स्वतःचं असं पात्रपण नाही. सगळ्यांनी मिळून एक वस्ती चालवायची, साठ-ऐंशी माणसांची, जगाची घडी मोडून गेलीये, शत्रूशी चाललेलं मोठं युद्ध आत्ताच संपलंय आणि हातात शांततेचं एक वर्ष आहे. वर्ष संपताना फ्रॉस्ट शेफर्ड्स येणार, ते कोण हे गेम सांगत नाही आणि वस्तीला तर ते येणार हेही माहीत नाही.

52 पत्ते म्हणजे 52 आठवडे. बदाम वसंत, चौकट उन्हाळा, किलवर पानगळ, इस्पिक हिवाळा. प्रत्येक रंग वेगळा पिसायचा आणि एकेक पान ओढायचं, पानावरून पुस्तिकेत प्रश्न बघायचा, त्याचं उत्तर द्यायचं आणि जे ठरेल ते मधल्या कागदावर नकाशात काढायचं. इस्पिकचा राजा आला की गेम तिथेच थांबतो, म्हणजे हिवाळ्यात कुठल्याही आठवड्यात, अर्धवट बांधलेलं धरण तसंच अर्धवट राहतं. पहिल्यांदा खेळणाऱ्यांना हे फार लागतं, आमच्याकडे तर एकजण चक्क चिडला होता. पण मला हा शेवट पटतो, आपल्याकडे वेळ किती आहे हे कळतच नसेल तर माणूस आधी काय बांधतो हे त्यामुळेच दिसतं.

आता यातला खरा भारी नियम. आपल्या पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करता येते: नवीन काहीतरी शोधा, प्रोजेक्ट सुरू करा (त्यावर छोटा फासा ठेवायचा, जास्तीत जास्त सहा आठवडे, दर आठवड्याला आकडा एकने कमी), किंवा चर्चा घ्या. चर्चेत प्रत्येकाने एकदाच बोलायचं, एक-दोन वाक्यं, आणि संपलं. मतदान नाही, निर्णय नाही, समोरच्याला उत्तर देणं नाही. आमच्या वस्तीत नदीपलीकडे अनोळखी लोक दिसले तेव्हा चर्चा झाली, तिघांचं म्हणणं होतं थोडं थांबूया, आणि पुढच्याच पाळीला चौथ्याने भिंत बांधायला काढली. नियमात पूर्ण बसतं. बाकीच्यांना त्याला अडवता येत नाही, फक्त मधल्या ढिगातून एक कंटेम्प्ट टोकन (नाराजीची खूण) उचलून स्वतःसमोर ठेवता येतं, म्हणजे "मला विचारलं नाहीस, लक्षात आहे माझ्या". आम्ही त्याला चिंचोके वापरतो. त्या टोकनांनी गेममध्ये काहीही बदलत नाही, कुणाचे मार्क कमी होत नाहीत, पण हिवाळा येईपर्यंत कुणासमोर किती चिंचोके साठलेत हे सगळ्यांना दिसत असतं आणि हळूहळू टेबलावरची हवाच बदलते. सोसायटीच्या मीटिंगला बसलेल्या कुणालाही हे लगेच कळेल.

हा गेम आवडला तर आल्डरचं बाकीचं काम नक्की बघा कारण त्यात एक धागा आहे. ही कॅनडाची डिझायनर, बरीड विदाउट सेरेमनी या स्वतःच्या छोट्या लेबलखाली गेम्स काढते. 2009 चा रिबन ड्राइव्ह रोडट्रिपचा गेम आहे, त्यात खेळणाऱ्यांनी गाण्यांच्या मिक्सटेप घेऊन यायच्या आणि गाण्यांवरून प्रवास पुढे सरकतो. 2012 चा मॉन्स्टरहार्ट्स बेकर दांपत्याच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या गेमच्या पायावर उभा आहे, शाळेतली पोरं जी व्हॅम्पायर, वेअरवुल्फ वगैरे आहेत, आणि तिथे तुमच्या पात्राला कोण आवडावं हे तुम्ही ठरवत नाही, फासे ठरवतात. त्या वयाबद्दल एवढं खरं बोलणारा नियम मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये बघितला नाही. मग ड्रीम अस्क्यू, जगाची पडझड होत असताना एका क्वियर (एलजीबीटी) वस्तीची गोष्ट, ते बेंजामिन रोझेनबॉमच्या ड्रीम अपार्ट या गेमबरोबर एकाच पुस्तकात आलं, त्यात फासे नाहीत आणि गेम मास्टर पण नाही. प्रत्येक वेळी प्रश्न तोच, एकत्र राहणाऱ्या माणसांत कुणाचं ऐकलं जातं आणि कुणाचं नाही, फक्त तो विचारायचं साधन दरवेळी नवीन बनवलंय. मोठ्या कंपनीत जाऊन मॉन्स्टरहार्ट्सचेच भाग पाडत बसता आलं असतं, तसं तिने केलं नाही याचं मला खूप कौतुक आहे. शिवाय तिने ड्रीम अस्क्यूची पद्धत इतरांना वापरायला मोकळी ठेवली, जे ड्रॅगन या डिझायनरचा वाँडरहोम हा गेम त्याच पद्धतीवर बनलाय. स्वतंत्र डिझायनरची कमाई फक्त विक्रीत मोजायची नसते असं मला वाटतं ते यासाठीच.

उणं म्हणाल तर आहे. एकच पात्र धरून त्याच्या आत शिरायची ज्यांना आवड आहे त्यांना हा गेम कोरडा वाटतो, आमच्या ग्रुपमधली एकजण अजूनही नाही म्हणते आणि मी तिला आग्रह करत नाही. इस्पिकचा राजा हिवाळ्याच्या पहिल्याच आठवड्यात आला तर खरंच घाई झाल्यासारखं वाटतं. आणि चौघांपेक्षा जास्त लोक बसवू नका, पाळी यायला इतका वेळ लागतो की माणसं मोबाईल काढतात.

प्रश्न इंग्रजीत आहेत पण एकाने वाचून मराठीत सांगितले की काही अडत नाही, आमचं पूर्ण खेळणं मराठीतच होतं. चित्रकला येत नसली तरी चालतं, चित्रं छोटी आणि साधीच काढायची असतात. कागद मोठा घ्या, पेनऐवजी पेन्सिल ठेवा कारण जळलेली घरं खोडावी लागतात, आणि दोनदा खेळून झाल्यावर द डीप फॉरेस्ट बघा, 2014 चं, मार्क डियाझ ट्रूमनबरोबर केलेलं, नकाशाचा गेम तोच पण यावेळी वस्ती राक्षसांची आहे आणि हाकलून दिलेला शत्रू म्हणजे माणसं.