हार्ड डिस्क बिघडली: घरी प्रयत्न करायचा, दुकानात द्यायची की लॅबला पाठवायची?

लग्नाचे फोटो, पत्रिकांची डिझाइनं, दुकानाचा टॅलीचा डेटा असं सगळं एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवणारे कोल्हापुरात भरपूर आहेत. ती बिघडली की राजारामपुरीतलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान गाठायचं की पुण्या-मुंबईच्या डेटा परत मिळवून देणाऱ्या लॅबला पाठवायची, हे खर्चाकडे बघून ठरवलं जातं. माझ्या मते ते आधी बिघाडावरून ठरवावं.

सगळ्यात आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा. त्यानंतर डिस्क फिरते आहे, आवाज नेहमीचाच आहे, पण विंडोज ‘फॉरमॅट करायची का?’ असं विचारतंय, तर बिघाड बहुधा फाइल सिस्टिमचा, म्हणजे कुठली फाइल डिस्कवर कुठे आहे याच्या नोंदींचा आहे. फॉरमॅटला नकार द्या. चेकडिस्क हे विंडोजचं दुरुस्तीचं साधनही चालवू नका. ते फाइल सिस्टिम जुळवण्यासाठी त्याच डिस्कवर लिहितं आणि ज्या फाइल्सचा ठावठिकाणा लागत नाही त्यांचे तुकडे ‘सीएचके’ फाइल्स करून ठेवतं.

अशा डिस्कवर घरी काम करता येतं, फक्त तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची दुसरी डिस्क हवी. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ (वाचता न येणाऱ्या जागांचा आकडा) शून्याच्या वर दिसला, तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू हे कॉपी करणारं साधन चालवून पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल घ्या. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागांकडे नंतर वळतं. कुठवर काम झालं याची नोंद ठेवणारी मॅप फाइल ठेवली असेल तर मध्येच लाइट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. पुढचे सगळे प्रयोग इमेजवर.

टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही डेटा परत मिळवायची दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आणि एकाच डाउनलोडमध्ये मिळतात, पण त्यांची कामं वेगळी. टेस्टडिस्क हरवलेलं पार्टिशन (डिस्कचा विभाग) शोधतं आणि फोल्डरसकट फाइल्स कॉपी करून देतं, म्हणून पहिला मान त्याचा. फोटोरेक फाइल सिस्टिमकडे बघतच नाही, फाइलच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून ती उचलतं. त्यामुळे नावं आणि फोल्डर जातात, हाती ‘एफ’ आणि पुढे आकडे अशा हजारो फाइल्स येतात. फोटोग्राफरचं त्यात भागतं, कारण फोटोच्या आत तारीख-वेळ असते आणि त्यावरून लग्नं वेगळी करता येतात. डीटीपीवाल्याला मात्र प्रत्येक कोरल (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) फाइल उघडून बघावी लागते. त्याने आर-स्टुडिओसारखं विकतचं सॉफ्टवेअर बघावं. काय काय मिळेल हे पैसे भरण्याआधीच दिसतं.

दुकानाचा खरा उपयोग डिस्क ठीक असून बाहेरच्या केसमधलं यूएसबी सर्किट गेलं असेल तेव्हा. डिस्क काढून साटाला, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कच्या जोडणीला लावली की काम होतं. काही मॉडेलमध्ये मात्र यूएसबी डिस्कच्याच बोर्डवर असतं, वर डेटा एन्क्रिप्ट (कुलूपबंद सांकेतिक रूपात) केलेला असतो. तिथे हा उपाय चालत नाही. ‘तसलाच दुसरा बोर्ड बसवतो’ म्हणणाऱ्याला रॉम चिपचं काय करणार ते विचारा. प्रत्येक डिस्कची स्वतःची माहिती त्यात असते, ती हलवल्याशिवाय बहुतेक डिस्क चालत नाहीत. ‘आधी इमेज घेणार का?’ यावर उत्तर गुळमुळीत आलं तर डिस्क परत घ्या.

टक्-टक् आवाज येतोय, डिस्क फिरतच नाही, किंवा पडल्यापासून बंद आहे, तर थेट लॅब. इथे घरचा प्रयत्न नको आणि दुकानही नको. डेटा वाचणारं हेड प्लॅटरच्या, म्हणजे डेटा साठवणाऱ्या आतल्या चकतीच्या इतकं जवळून फिरतं की धुळीचा कणही ओरखडा पाडतो. म्हणून डिस्क क्लीन रूममध्येच (धूळविरहित खोलीत) उघडावी लागते. दर वेळी चालू करून बघताना ओरखडे वाढतात आणि तेवढा डेटा कायमचा जातो.

2019 आणि 2021 सारख्या पुरात भिजलेली डिस्कही याच वर्गातली. ती उन्हात वाळवू नका, तांदळात ठेवू नका, चालू तर अजिबात करू नका. आतला गाळ प्लॅटरवर सुकून चिकटला की काम अवघड होतं. ओलसर असतानाच हवाबंद पिशवीत घालून पाठवा.

लॅबचा खर्च बाकी दोन्हींपेक्षा बराच जास्त असतो. डिस्क पाठवण्याआधी तपासणीची फी किती, डेटा मिळाला नाही तर किती द्यायचे आणि पूर्ण पैसे भरण्याआधी फाइल्सची यादी दाखवणार का, ही तिन्ही उत्तरं लेखी मागून घ्या.