कॅम्पसचा काउन्सेलिंग सेल आणि टेलीमानस: वर्षभर वापरल्यानंतरचा अनुभव

पुण्यातल्या एका युनिव्हर्सिटीत एमएस्सी करतेय, हॉस्टेलला राहते, घर हिंगोलीकडे. गेल्या वर्षभरात कॅम्पसवरचा काउन्सेलिंग सेल आणि १४४१६ म्हणजे टेलीमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, दोन्ही बऱ्यापैकी वापरलं. ज्युनियर मुली सारखं विचारतात की ताई यातलं खरं कामाचं काय, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी सेलबद्दल. माझी झोप पार उडाली होती, प्रोजेक्टचं काम समोर घेतलं की धडधड सुरू, जेवण जात नव्हतं आणि घरी मात्र फोनवर सगळं मस्त चाललंय असंच सांगायचे. सेलमध्ये जाताना मोठी भीती एकच, एचओडींना (विभागप्रमुखांना) कळेल, घरी कळेल. तिथल्या काउन्सेलर मॅडमनी पहिल्या भेटीत बराच वेळ यावरच घालवला. म्हणाल्या, इथलं बोलणं डिपार्टमेंटला जात नाही, आईवडिलांना परस्पर फोन होत नाही, फक्त तुझ्या किंवा कोणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर मला गप्प बसता येणार नाही, आणि शक्यतो तेव्हाही आधी तुला सांगेन. इतकं स्पष्ट ऐकल्यावरच मला बोलायला जमलं. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्यात कलम २३ मध्ये उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्कच दिलाय. हे मोठ्या अक्षरात पोस्टरवर लिहा ना! नुसतं "मन मोकळं करा" लिहिण्यापेक्षा याने कितीतरी जास्त मुलं येतील.

तिथे सल्ले फारसे मिळत नाहीत, हे आधीच सांगते, कारण बऱ्याच जणी एकदा जाऊन "काहीच सांगितलं नाही" म्हणून परत जात नाहीत. मॅडम विचारायच्या की रात्री जाग येते तेव्हा नेमकं काय डोक्यात असतं, ते लिहून आण. लिहीत गेले तसं दिसायला लागलं की प्रोजेक्ट हे निमित्त होतं, स्कॉलरशिप अडकलेली आणि वडिलांनी फीसाठी सोयाबीन पडत्या भावात विकलेलं, ते माझ्या छातीवर बसलं होतं. हे एका भेटीत नाही निघत, त्याला तेच माणूस समोर लागतं, ज्याला मागच्या वेळचं आठवतंय.

पण सेल पाच वाजता बंद, आणि त्रास व्हायचा तो रात्री. तेव्हा १४४१६ लावायचे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा आहे, चोवीस तास, फुकट, भाषांमध्ये मराठी आहे. पलीकडचं माणूस शांतपणे ऐकतं, घाई करत नाही, आणि गरज वाटली तर मानसोपचार डॉक्टरांशी जोडून देतात. त्या रात्रीपुरता मला खूप आधार वाटला, खरंच. फक्त माझ्या प्रत्येक कॉलला वेगळी व्यक्ती आली, म्हणजे सोयाबीनपासून सगळा पाढा पुन्हा वाचायचा. म्हणून माझं मत असं की हेल्पलाइन रात्र काढायला आणि काउन्सेलर पुढचे महिने काढायला, एकाचं काम दुसऱ्याने होत नाही. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट अजिबात बघू नका, लगेच नंबर लावा आणि रूममेटला उठवा.

आता सगळ्यात वाईट वाटलेली गोष्ट. वर्षाच्या मध्येच मॅडमचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. त्यांच्याजागी सर आले, चांगले आहेत, पण मध्ये सेल कितीतरी दिवस बंद होता, आणि माझ्या ओळखीच्या दोघी त्यानंतर गेल्याच नाहीत, "आता परत कोण सांगत बसणार" म्हणाल्या. त्यांचं मला पूर्ण पटतं. सुप्रीम कोर्टाने २५ जुलै २०२५ ला सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवाच, हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये, वर्गांत ठळक लावायचे, आणि विशेषतः परीक्षेच्या काळात विद्यार्थ्यांच्या छोट्या गटांना ठरलेला मेंटर किंवा काउन्सेलर द्यायचा. आमच्याकडे नंबर लागले, लिफ्टशेजारी मोठा बोर्ड आहे. माणूस टिकवण्याचं काय ते कोणी बोलत नाही, आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे.

औषधांबद्दल पण विचारतात. काउन्सेलर गोळ्या देत नाहीत, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञच लागतो. सरांनी मला ससून या सरकारी हॉस्पिटलच्या ओपीडीला पाठवलं होतं. गर्दी असते, अर्धा दिवस जातो, सोबत कोणीतरी न्या, पण खाजगीच्या मानाने खर्च फारच कमी. आता झोप येते, प्रोजेक्ट पण चालू आहे.

आम्ही काही जणींनी डीनना अर्ज दिलाय: काउन्सेलरची नेमणूक निदान पूर्ण शैक्षणिक वर्षाची करा, बदलायचंच असेल तर जुन्या आणि नव्या माणसासोबत एक एकत्र भेट ठेवा, आणि सेल आठवड्यातून दोन दिवस तरी रात्री आठपर्यंत उघडा ठेवा. उत्तर आलं की इथेच अपडेट टाकेन.